सायबर दहशतवाद आणि राष्ट्रांची सज्जता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची वीज गेली, एखाद्या मोठ्या रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले किंवा सीमेवर तणाव वाढला की वाचकांकडून तेच प्रश्न थोड्याफार फरकाने पुन्हा येतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायबर दहशतवाद म्हणजे नेमके काय? प्रत्येक हॅकिंगला हा शब्द लावता येतो का?

नाही. बातम्यांच्या मथळ्यांत हा शब्द ज्या सढळ हाताने वापरला जातो, तसा तो वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ डोरोथी डेनिंग यांनी २००० साली तेथील संसदेच्या समितीसमोर मांडलेली व्याख्या अजूनही सर्वांत कामाची आहे. तिचा आशय असा की, हल्ला किंवा त्याची धमकी संगणक, नेटवर्क वा त्यांतील माहितीला उद्देशून असावी, त्यामागे राजकीय किंवा सामाजिक उद्दिष्टासाठी सरकारला वा लोकांना धमकावण्याचा हेतू असावा, आणि परिणाम माणसांना किंवा मालमत्तेला इजा करणारा, निदान लोकांनी धास्ती घ्यावी इतका गंभीर असावा. या सगळ्या गोष्टी एकाच घटनेत जुळून येणे दुर्मीळ आहे. सरकारी संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलून त्यावर घोषणा चिकटवणे हा उपद्रव झाला आणि एखाद्या खात्याच्या फायली गुपचूप नेणे ही हेरगिरी झाली. दोन्ही गंभीर आहेत, परंतु त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचे नाव दिले की उपायही चुकीचा निवडला जातो.

२. बँकेतून कोट्यवधी रुपये गेले तरी तो दहशतवाद नाही, असे कसे?

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यासाठी बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून एकाच वेळी रोकड उचलण्यात आली आणि उरलेली रक्कम आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाने परदेशी वळवण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. मागे एखादी राजवट असू शकते, रक्कमही मोठी आहे, परंतु कोणालाही धमकावून काही मान्य करून घेण्याचा हेतू येथे दिसत नाही. हेतू पैशांचा होता.

सीमारेषा मात्र नेहमी इतकी स्वच्छ नसते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील सर्व्हरवरची माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, करण्यात आली आणि सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, दाखल होणे व घरी सोडणे ही सारी कामे कागदावर चालली. प्रकार खंडणीखोरीच्या वळणाचा होता, तरीही दिल्ली पोलिसांनी खंडणीबरोबर सायबर दहशतवादाचे कलमही लावले, कारण रुग्णसेवा ही समाजजीवनाला आवश्यक सेवा आहे. हे कलम कसे वाचायचे ते पुढच्या उत्तरात आहे.

३. भारतीय कायद्यात याची व्याख्या आहे का? शिक्षा किती?

आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६एफ घालण्यात आले आणि ते ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. भारताची एकता, अखंडता, सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या अथवा लोकांत दहशत पसरवण्याच्या हेतूने संगणकीय साधनांचा वापर रोखणे, अनधिकृत शिरकाव करणे किंवा घातक प्रोग्राम सोडणे, आणि त्यातून मृत्यू, इजा, मालमत्तेचे नुकसान, जीवनावश्यक सेवांत खंड किंवा महत्त्वपूर्ण माहिती पायाभूत संरचनेवर विपरीत परिणाम होणे किंवा होण्याची शक्यता असणे, असा या गुन्ह्याचा गाभा आहे. राज्याच्या सुरक्षेसाठी किंवा परराष्ट्र संबंधांसाठी प्रतिबंधित ठेवलेली माहिती अनधिकृतपणे मिळवणे हा याच कलमाचा दुसरा भाग आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकते आणि कट करणाऱ्यालाही तीच लागू होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने वांद्रे-कुर्ला संकुलातील एका शाळेवर हल्ल्याचा बेत रचल्याच्या प्रकरणात एका संगणक अभियंत्याला या कलमाखाली जन्मठेप दिली. बेत प्रत्यक्षातल्या हिंसेचा होता आणि समाजमाध्यमावरील संभाषण हा पुराव्याचा मोठा भाग होता. वीज, पाणी किंवा बँक यांपैकी कशालाही येथे धक्का लागला नव्हता. यावरून कलमाची व्याप्ती किती रुंद आहे ते लक्षात यावे. ही रुंदी सोयीची आहे तशीच जोखमीचीही आहे (प्रश्न ११ पाहा).

४. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज सायबर हल्ल्यामुळेच गेली ना?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि कोविडच्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. कळवा-पडघा पट्ट्यातील पारेषण वाहिन्यांतील बिघाड हे तत्कालीन कारण होते. संकट आल्यास मुंबईला उर्वरित ग्रिडपासून अलग करून शहराची वीज टिकवणारी ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही त्या दिवशी पुरी पडली नाही.

वाद चार-साडेचार महिन्यांनी सुरू झाला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीने चीनशी संबंधित एका गटाने भारतीय वीज क्षेत्रातील यंत्रणांत शिरकाव केल्याचा अहवाल दिला. राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख आणि ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली, आणि त्यात १४ ट्रोजन (निरुपद्रवी भासवून आत शिरणारे) प्रोग्राम व सुमारे ८ जीबी माहितीच्या संशयास्पद देवाणघेवाणीचा उल्लेख आला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र खंडित पुरवठ्याचे कारण मानवी चूक होते असे सांगितले. ग्रिडमधील विजेचा तोल सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, पण त्यांचा या घटनेशी संबंध नाही, अशी केंद्राची भूमिका राहिली.

या दोन विधानांना परस्परविरोधी मानण्याची घाई करू नये. घरात चोर शिरला होता हे खरे असू शकते आणि त्याच रात्री फ्यूज मात्र जुन्या वायरमुळे उडाला हेही खरे असू शकते. शिरकाव आणि परिणाम यांना जोडणारा दुवा सिद्ध व्हावा लागतो आणि मुंबईच्या बाबतीत तो सार्वजनिकरीत्या सिद्ध झालेला नाही. त्यामुळे ‘चीनने मुंबईची वीज तोडली’ हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून लिहिणे आम्ही टाळतो.

५. पण दुरून कोणाला खरोखर वीज तोडता येते का, की ही सिनेमातली गोष्ट आहे?

येते, आणि याचे पुराव्यानिशी नोंदलेले उदाहरण आहे. पश्चिम युक्रेनमधील इव्हानो-फ्रँकिव्स्क भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण कक्षात २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पाळी संपत आली असताना एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावरचा कर्सर आपोआप सरकू लागला. तो एका उपकेंद्राच्या ब्रेकरच्या खुणेवर गेला, खात्री करून घेणारी चौकट उघडली, तिच्यावर कोणीतरी होकार दिला आणि त्या उपकेंद्रावरचा भाग अंधारला. कर्मचारी माऊस ओढत राहिला, पण दाद मिळेना. थोड्या वेळाने त्याला त्याच्याच खात्यातून बाहेर काढून पासवर्ड बदलण्यात आला. त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांची उपकेंद्रे अशाच रीतीने बंद केली गेली आणि सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली.

तयारी कित्येक महिने आधीची होती. सुरुवात ईमेलमधून आलेल्या एका वर्ड फाइलपासून झाली, तिच्यातील मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच दडलेला छोटा प्रोग्राम, कोणीतरी चालू केला, मग पासवर्ड चोरले गेले आणि नेटवर्कचा नकाशा हळूहळू जमवला गेला. घटनेच्या वेळी तक्रार केंद्रावर खोट्या फोनांचा मारा करण्यात आला, म्हणजे ग्राहकांचे फोन लागू नयेत आणि भीती वाढावी. उपकेंद्रांतील दळणवळणाच्या उपकरणांचे अंतर्गत प्रोग्रामही खराब केले गेले, त्यामुळे ती दुरून चालवणे पुढेही अशक्य झाले.

तरीही एक ते सहा तासांत वीज परत आली. तेथील उपकेंद्रे जुन्या घडणीची होती, माणसे गाड्या घेऊन तेथे गेली आणि ब्रेकर हाताने चढवले. अधिक आधुनिक, पूर्णपणे स्वयंचलित ग्रिडला हेच जमले असते का, असा प्रश्न तेव्हापासून जगभरचे वीज अभियंते स्वतःला विचारत आहेत. महाराष्ट्रातही उपकेंद्रे दूरनियंत्रित, मानवविरहित होत असताना तो प्रस्तुत आहे.

६. दहशतवादी संघटनांनी असा हल्ला केल्याचे उदाहरण आहे का?

इतक्या ताकदीचा नाही. युक्रेनच्या घटनेमागे रशियन लष्करी गुप्तहेर यंत्रणा असल्याचे पाश्चात्त्य सरकारांनी म्हटले आहे. वीज बंद पाडण्यासाठी लागणारा पैसा, चिकाटी आणि अभियांत्रिकी ज्ञान आजवर मुख्यतः राष्ट्रांकडेच दिसले आहे. दहशतवादी संघटनांनी इंटरनेटचा उपयोग प्रचार, भरती, निधी आणि लक्ष्य ठरवण्यासाठी केला. २०१५ मध्ये अर्दित फेरिझी या कोसोवोच्या तरुणाने एका व्यापारी कंपनीच्या सर्व्हरमधून अमेरिकन सैनिक व सरकारी कर्मचाऱ्यांची सुमारे १,३५१ नावे काढून ती इस्लामिक स्टेटला दिली आणि संघटनेने ती मारण्याची यादी म्हणून प्रसिद्ध केली. मलेशियात अटक झाल्यावर अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. आमच्या मते दहशतवादाच्या खऱ्या अर्थाला हे प्रकरण कोणत्याही संकेतस्थळ-हल्ल्यापेक्षा अधिक जवळचे आहे, कारण यादीतील प्रत्येक घराला त्या रात्री कडी दोनदा तपासावी लागली असेल.

७. हल्ला कोणी केला हे ठरवायला इतका वेळ का लागतो?

कारण हल्लेखोर दुसऱ्याचा मुखवटा घालू शकतो. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही५ मोंद या वाहिनीची प्रसारणे बंद पडली आणि तिच्या समाजमाध्यम खात्यांवर ‘सायबर खिलाफत’ असे नाव झळकले. पॅरिसमधील जानेवारीतील हत्याकांड ताजे असल्याने सर्वांनी ते खरे मानले. पुढे तपास रशियाशी संबंधित हेर गटाकडे वळला. पहिल्या दिवशीच्या संतापात फ्रान्सने पश्चिम आशियात काही कारवाई केली असती तर ती चुकीच्या पत्त्यावर गेली असती. म्हणूनच जबाबदार सरकारे तांत्रिक खुणा, गुप्तवार्ता आणि राजकीय संदर्भ एकत्र जुळेपर्यंत नाव घेत नाहीत. याचा अर्थ ती झोपली आहेत असा होत नाही.

८. सायबर हल्ल्याला क्षेपणास्त्राने उत्तर देता येते का?

तत्त्वतः येते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील स्वसंरक्षणाचा हक्क सशस्त्र हल्ल्याच्या पातळीला पोहोचणाऱ्या सायबर कृतीलाही लागू होतो, असे बहुतेक देश मानतात. नाटोने २०१४ च्या वेल्स परिषदेत सायबर हल्ला सामूहिक संरक्षणाचे कलम जागे करू शकतो असे मान्य केले. मे २०१९ मध्ये इस्रायलने हमासचा सायबर हल्ल्याचा प्रयत्न हाणून पाडल्याचे सांगत गाझातील एक इमारत बाँबने उडवली, परंतु तेथे आधीच गोळीबार चालू होता. एरवी राष्ट्रे नाव जाहीर करणे, निर्बंध, खटले आणि प्रति-घुसखोरी यांवरच थांबतात. प्रश्न ७ मधील अडचण हे त्याचे मुख्य कारण आहे.

९. या विषयात एस्टोनियाचे नाव सतत का येते?

कारण तेथे मार आधी बसला आणि धडा नीट घेतला गेला. एप्रिल २००७ मध्ये टालिनमधील सोव्हिएत काळातील सैनिकाचा कांस्य पुतळा हलवल्यावर सुमारे तीन आठवडे सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे यांच्यावर बनावट विनंत्यांचा भडिमार झाला. कोणी मेले नाही आणि शिक्षा म्हणाल तर एका विद्यार्थ्याला दंड झाला, एवढेच.

एस्टोनियाचा पुढचा प्रवास मात्र अभ्यासण्यासारखा आहे. २००८ मध्ये टालिनला नाटोचे सायबर संरक्षण केंद्र आले, आणि आंतरराष्ट्रीय कायदा सायबर संघर्षाला कसा लावायचा याची ‘टालिन मॅन्युअल’ ही मार्गदर्शिका तेथूनच निघाली. खासगी कंपन्यांतील अभियंत्यांचे स्वयंसेवी सायबर दल उभे राहिले. पुढे देशाने आपल्या महत्त्वाच्या सरकारी नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये, दूतावासासारखे संरक्षण असलेल्या डेटा केंद्रात ठेवली, म्हणजे उद्या भूभाग हातचा गेला तरी सातबारा हरवणार नाही. एस्टोनियात सातबारा म्हणत नाहीत हे खरे, पण कल्पना नेमकी तीच आहे.

१०. दुसऱ्या देशांच्या भांडणातला हल्ला आपल्यापर्यंत पोहोचतो का?

पोहोचला आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील लेखापालांच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून ‘नॉटपेट्या’ पसरला. वरून तो खंडणीचा प्रोग्राम दिसत होता, प्रत्यक्षात माहिती नष्ट करणारा होता. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून त्याचा फटका न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलला बसला आणि तेथील काम विस्कळीत झाले. पूर्व युरोपातील वैराशी काडीचा संबंध नसलेले कंटेनर उरणच्या बाजूला अडकले. अमेरिकी सरकारने जगभरातील एकूण नुकसान सुमारे १० अब्ज डॉलर सांगितले होते.

११. अठरा वर्षांच्या मुलाने सरकारी संकेतस्थळ पाडले तर त्यालाही जन्मठेप होईल का?

होऊ शकते, होईलच असे नाही. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत सरकारी संकेतस्थळांवर भडिमार केल्याच्या आरोपावरून गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने नडियादच्या एका १८ वर्षांच्या तरुणाला पकडले आणि कलम ६६एफ लावले. आरोप सिद्ध करताना सरकारी पक्षाला हेतू आणि परिणाम (किंवा त्याची शक्यता) दोन्ही दाखवावे लागतात. संकेतस्थळ तासभर न उघडणे म्हणजे ‘जीवनावश्यक सेवेत खंड’ का, हे न्यायालयाला ठरवावे लागेल. आमचे मत विचाराल तर, उनाडपणा आणि दहशत यांना एकाच मापाने मोजले की खऱ्या प्रकरणात कलमाची धार बोथट होते. परंतु युद्धजन्य काळात शत्रूच्या बाजूने केलेल्या कृतीला निव्वळ उनाडपणा म्हणणेही भाबडेपणाचे आहे.

१२. भारतात हे काम नेमके कोणाकडे आहे?

एकाच कार्यालयाकडे नाही, आणि नागरिकांचा गोंधळ येथेच होतो. घटनांची नोंद, इशारे आणि तांत्रिक मदत हे काम २००४ पासून कार्यरत असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे आहे. वीज, बँकिंग, दूरसंचार, वाहतूक अशा क्षेत्रांतील महत्त्वपूर्ण माहिती संरचनेचे संरक्षण एनसीआयआयपीसी हे राष्ट्रीय केंद्र पाहते, ज्याची अधिसूचना जानेवारी २०१४ मध्ये निघाली. सैन्यदलांसाठी संरक्षण सायबर संस्था आहे. गुन्ह्याचा तपास पोलिसांकडे असतो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास किमान पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. राज्यात महाराष्ट्र सायबर हा स्वतंत्र विभाग आहे. सामान्य माणसाची आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे. दहशतीच्या धमकीसाठी मात्र ११२ लावावा.

१३. आमच्याकडे छोटी पाणीपुरवठा योजना आहे. आमच्यावर कोण कशाला हल्ला करील?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अलिक्विपा या छोट्या गावानेही हाच विचार केला असणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या केंद्रातील नियंत्रकाच्या पडद्यावर ‘तुम्ही हॅक झाला आहात’ असा संदेश झळकला. इस्रायली बनावटीचे प्रत्येक उपकरण हे आमचे लक्ष्य आहे, असेही त्यात म्हटले होते. हल्लेखोर गटाचा संबंध अमेरिकेने इराणशी जोडला. गावाचा दोष एवढाच की उपकरण इस्रायली कंपनीचे होते. अशी अनेक उपकरणे थेट इंटरनेटला जोडलेली होती आणि त्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड ११११ असे. कर्मचाऱ्यांनी केंद्र हाताने चालवले आणि पाणी थांबले नाही.

तेव्हा पंपाच्या पॅनेलचा पासवर्ड आजच बदलावा, दुरून प्रवेशाची सोय ठेकेदारासाठी कायम उघडी ठेवू नये आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवणारा माणूस निवृत्त होण्याआधी दोघांना ते काम शिकवून ठेवावे. घटना घडलीच तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

१४. सरकारने खंडणी द्यावी का?

कोस्टा रिकाने दिली नाही. २०२२ च्या एप्रिलपासून कोंटी या टोळीने तेथील अर्थमंत्रालय आणि इतर खाती वेठीस धरली, सीमाशुल्काची व्यवस्था कोलमडली आणि ८ मे रोजी नवे अध्यक्ष रोद्रिगो चावेस यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. महिनाअखेरीस दुसऱ्या टोळीने आरोग्य व्यवस्थेवर घाला घातला आणि डॉक्टर कागदावर आले. नकाराची किंमत देशाने महिनोन्‌महिने मोजली. याउलट २०२१ मध्ये अमेरिकेच्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर दिले. पैशांचा मोठा भाग नंतर सरकारी तपासात परत मिळाला, तरी दरम्यान पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलच्या रांगा लागायच्या त्या लागल्याच. नकार देण्याची ऐपत बॅकअपमधून येते, आणि तो मूळ नेटवर्कपासून तोडलेला व पूर्ववत करून पाहिलेला असावा लागतो.

१५. तणावाच्या काळात ‘विमानतळ हॅक झाला’ असे संदेश येतात. त्यांचे काय करावे?

पुढे पाठवू नयेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय संकेतस्थळांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतील फक्त १५० यशस्वी झाले, असे महाराष्ट्र सायबरने मे २०२५ मध्ये सांगितले. मुंबई विमानतळाची यंत्रणा हॅक केल्याचा दावाही विभागाने फेटाळला. पहिला आकडा ऐकून छाती दडपते, पण अशा मोजणीत दार ठोठावण्याचा प्रत्येक आवाजही हल्ला म्हणून धरला जाऊ शकतो. दहशत पसरवणाऱ्याला प्रत्यक्ष शिरकावाची गरजही नसते. शिरकाव झाल्याची वदंता घराघरांत पोहोचली तरी त्याचे निम्मे काम होते.

१६. यावर जागतिक करार आहे का?

सायबर गुन्ह्यांवर आहे, सायबर दहशतवादावर स्वतंत्र नाही. २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये नवा करार स्वीकारला आणि तो ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला. ४० देशांच्या अनुसमर्थनानंतर तो अमलात येतो.

१७. सगळे ठप्प झाले, पण हल्ला आहे की बिघाड तेच कळत नसेल तर?

पहिल्या काही तासांत ते बहुधा कळतच नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावत फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तो हल्ला नव्हता. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना बॉलपेनने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. नाव, विमानाचा क्रमांक, आसन, सारे हाताने लिहिलेले होते. कारणाची वाट न पाहता काम हातावर घेणे आणि त्याच वेळी बंद पडलेल्या यंत्रांतील नोंदी न पुसता बाजूला ठेवणे, हा क्रम दोन्ही शक्यतांना चालतो. घाईने सर्व संगणक नव्याने भरून टाकले तर सेवा लवकर सुरू होईल, पण हल्ला असल्यास पुरावाही त्याबरोबर जाईल. घुसखोरीचा संशय असल्यास प्रश्न १३ मधील सहा तासांची मुदत घटना लक्षात आल्यापासून मोजावी. पुढे निव्वळ बिघाड निघाला तर नंतरच्या अहवालात तसे नमूद करावे.